घोडा खाईन एवढी भूक

प्रिय ताई,

आधीच सांगते, शुद्धलेखनाला हसू नकोस. हे मी कामावरच्या कॉम्प्युटरवर टाइप करतेय. एकेक अक्षर शोधावं लागतं, वेलांटी सापडेपर्यंत पुढचं वाक्य डोक्यातून जातं. काउंटरवरची मॅडम जेवायला गेली की तेवढ्यात थोडं लिहिते, म्हणून हे तुकड्या-तुकड्यांचं वाटेल.

मी अजून गेस्ट हाउसच्या मागच्या बाजूलाच आहे, भांड्यांकडे. पण मॅनेजर म्हणालेत, पाहुण्यांशी थोडं इंग्रजी बोलता आलं तर पुढे वाढायला घेतील. शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं सुटलो एकदाचे इंग्रजीतून, आता तेच मानगुटीवर बसलंय. तीच मॅडम दुपारी शिकवते. पहिला धडा भुकेचा. तुला खरं सांगू, माझा नुसता गोंधळ झालाय. पेकिश म्हणजे थोडीशी भूक. तसं कोणी म्हणालं तर ताट वाढायचं नाही, बिस्किटं ठेवायची. स्टार्व्हिंग म्हणजे खरं तर उपासमार, पण तसं म्हणणाऱ्याला फक्त लवकर वाढायचं, जास्त नाही. मला हे माहीत नव्हतं तेव्हा एक गलेलठ्ठ पाहुणा पोटावर हात ठेवून स्टार्व्हिंग स्टार्व्हिंग करत आला, मी धावत आचारीकाकांकडे गेले, त्यांनी घाबरून वाडगा भरून सूप दिलं, आणि त्या माणसाने चार चमचे पिऊन बाजूला सारलं. काका अजून चिडवतात, काय गं, आज कोणी मरायला टेकलंय का? आपल्या पोटात कावळे ओरडतात, त्यांचं पोट म्हणे कुत्र्यासारखं गुरगुरतं. हे एक पटलं बाई. मी मॅडमला विचारलं, ज्याने खरंच काही खाल्लं नाही तो काय म्हणतो? ती म्हणाली, असलं गिऱ्हाईक आपल्याकडे येत नाही.

तुझा मागचा मेसेज आला ना, डबल ड्युटी झाली, आय कुड ईट अ हॉर्स, तो मी मॅडमलाच दाखवला. घोडा खाईन एवढी भूक. तिने सांगितलं, हे नुसतं बोलायचं असतं, गमतीत. मग मी घरी बाबांनाही तसंच सांगितलं. ते तुझे मेसेज विचारत नाहीत, पण माझा फोन वाजला की दुरुस्तीला घरी आणलेल्या शिलाई मशीनचं तेल हातावरून पुसत पुसत जवळ येऊन उभे राहतात. घोडा ऐकून हसले. चांगले खळखळून हसले, ताई. म्हणाले, लहानपणी अख्खं दुकान खाऊन टाकीन म्हणायची. आणि मग जेवायला बसले, एक घास मोडला आणि ताट सारलं. म्हणाले, दाढ दुखतेय.

आता ती दाढ तर गेल्या वर्षी काढलीय. आपण दोघीच घेऊन गेलो होतो ना त्यांना.

मला काही कळेना. आई म्हणते, राग आहे त्यांना तुझा, अजून गेला नाही. तू त्या दिवशी परगावी नोकरीला जाणारच म्हणून ताटावरून उठून गेलीस, बाबा म्हणाले होते, जा, तिकडे कोण वाढतं बघू तुला. तेव्हापासून रात्रीचं त्यांचं असंच चाललंय. कधी बाहेर खाल्लं, कधी पोट जड आहे, कधी नंतर बघू. मॅडमच्या वहीत भूक लागली म्हणायचे जेवढे प्रकार आहेत ना, त्याहून जास्त प्रकार बाबांकडे भूक नाही म्हणायचे आहेत. इंग्रजीत एक शब्द आहे, हँग्री, म्हणजे भुकेने चिडचिडा झालेला. मी विचारलं, आणि चिडून उपाशी राहणाऱ्याला काय म्हणतात? मॅडमने फोनमध्ये शोधलं, सापडलं नाही. म्हणाली, तुमच्याकडे असं करतात? मला लाजच वाटली.

पण तो राग आहे का, हेच मला समजत नाही. परवा मी त्यांना पाणी द्यायला गेले तर मशीनकडे बघतच म्हणाले, तिच्या हॉस्टेलचं स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं गं? ड्युटीवरून उशिरा आलं तर ठेवतात का काही झाकून? रागावलेला माणूस असं विचारतो का?

आईने तुला कळवू नको म्हणून बजावलंय, पण मी कळवते. सोमवारी बाबा दुकानात चक्कर येऊन पडले. शुगरची गोळी घेतात आणि वर काही खात नाहीत. शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी रिक्षात घालून घरी आणलं. आता बरे आहेत, तू घाबरू नकोस, पण डॉक्टर रागावले, असंच चाललं तर एक दिवस शुद्धीवर येणार नाहीत म्हणाले. तरी त्या रात्री पोट जड आहे म्हणालेच.

म्हणून हे लिहितेय. तू रात्री जेवायच्या वेळेला फोन कर. मला नाही, आईला नाही, बाबांना. माफी वगैरे मागू नकोस, त्यांना काय बोलावं सुचणार नाही. त्या घोड्याचंही नको. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून दारातनंच ओरडायचीस ना, बाबा, भूक! आणि ते तेलाच्या हातांनी उठून तुला वाढायला धावायचे, तसं म्हण. ती हाक आता घरात कोणी मारत नाही. मला जमत नाही, तुला माहीतच आहे, मी नुसती दारात उभी राहते कोणी ओळखेल म्हणून. तू म्हटलंस की ते विचारतील, काय खाल्लंस? तेव्हा तू पण विचार, तुम्ही? फोन ठेवू नकोस. ते घास घेईपर्यंत ठेवू नकोस.

तुझीच,
घुमी

ता. क. घड्याळवाल्या काकांनी मिशी काढली. आपल्या दुकानात आले तर मी ओळखलंच नाही, गिऱ्हाईक समजून बसा म्हटलं.