वर बघायला शिकलो त्याची हकिगत

तीर्थरूप आत्यास,

मान खाली घालून आणि दोन्ही हात जोडून नमस्कार. (मान खाली घालायची मला लहानपणापासून सवय आहे, तेव्हा यात फार कष्ट पडले असं समजू नकोस.) मी इथे बरा आहे. तुझी प्रकृती कशी आहे हे विचारणार होतो, पण तू उत्तरादाखल 'ठणठणीत' एवढा एकच शब्द लिहून पाठवशील हे ठाऊक असल्यामुळे विचारत नाही. ताई आणि तिच्या दोघी मुलींची आठवण काढली म्हणून सांग. पत्राला तसं काही खास कारण नाही. आज सुट्टी आहे, खिडकीत ऊन आलंय, आणि सहज वाटलं की ज्या बाईने मला बारा वर्षं वाढवलं तिला मी नक्की काय काम करतो हे एकदा नीट सांगावं. तू सगळ्यांना 'आमचा घुम्या डोळ्यांच्या दवाखान्यात आहे' असं सांगतेस असं कळलं. ते तितकंसं खरं नाही.

पण सुरुवात एका कबुलीने करावी लागेल. मी आठ वर्षांचा असताना शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते, ते तुला आठवत असेल. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावलेला, मागे सगळा वर्ग रांगेत उभा. डॉक्टरांनी विचारलं, वरचं अक्षर कोणतं? मला ते दिसत होतं. अगदी खालच्या ओळीतलं मुंगीएवढं अक्षरसुद्धा दिसत होतं, आणि त्याखाली छापखान्याचा पत्ता होता तोही. पण चाळीस मुलांसमोर मोठ्याने बोलायचं म्हणजे माझ्या घशाला कुलूप लागायचं. डॉक्टर एकेक भिंग लावत गेले आणि 'आता दिसतं? आता?' विचारत गेले. सहाव्या की सातव्या भिंगाला त्यांच्या आवाजात इतकी कळकळ आली की मी मान हलवली. त्या एका होकारापायी मी पावणेदोन वर्षं बाटलीच्या बुडासारखा चष्मा वापरला, आत्या. पायऱ्या मला एक वीत लांब दिसायच्या. दाराची चौकट कुठे आहे हे मला कपाळाने कळायचं. शेवटी मी त्या चष्म्यावर बसलो. (चुकून नव्हे.) दुसऱ्या दिवशी मला चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचताना पाहून तुला वाटलं, तू रोज सकाळी पाजत होतीस त्या गाजराच्या रसाने डोळे सुधारले, आणि मग तू गल्लीभर गाजराचा गुण सांगत फिरलीस. शेजारच्या पोस्टमनकाकांनी तुझ्या शब्दावर वर्षभर गाजरं खाल्ली. त्यांना माझ्यातर्फे काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझ्यासारख्या बाईच्या घरात मी असा कसा निपजलो, हे कोडं तुला होतं तसं मलाही होतं. बाबा कायम फिरतीवर, आई गेलेली, म्हणून मी सहाव्या वर्षी तुझ्याकडे आलो. तुझा शिवणाचा क्लास म्हणजे वीस मुली, सात मशीनी, आणि त्या सगळ्यांच्या वरताण तुझा आवाज. तू नळाच्या कचेरीतल्या साहेबाला त्याच्याच खुर्चीवरून उठवून टाकी दाखवायला आणलं होतंस. मी मात्र कापडांच्या ढिगामागे बसून माणसं पायांवरून ओळखायचो. माझी भीड चेपावी म्हणून तू मला शिवलेले कपडे घरोघर पोचवायला पाठवू लागलीस. मी काय करायचो ते आता सांगायला हरकत नाही. पुडकं दाराच्या कडीला अडकवायचो, घंटी वाजवायचो आणि धूम ठोकायचो. त्या नादात एकदा नर्सबाईंच्या घरी कारकुनांची पँट गेली आणि कारकुनांना झालरीचा झगा. तू मला काही बोलली नाहीस. शेजारणीला मात्र म्हणालीस, "पोर लाजतं म्हणजे वाईट नाही. त्याला अजून त्याचं काम सापडलेलं नाही, एवढंच." मी ढिगामागे होतो. ते वाक्य मी फार वर्षं खिशात घालून फिरलो.

फिरलो हे अक्षरशः. तू ओळख काढून मला रंगाच्या कंपनीत चिकटवलंस, ते विक्रेता म्हणून. (बोलायला घाबरणाऱ्या माणसाला विक्रेता करायचं हे तूच करू जाणे.) गावोगाव जायचं, रंगांच्या छटांचं कार्ड दुकानदारासमोर उघडायचं आणि गोड बोलायचं. मी कार्ड उघडायचो. गोड बोलण्याच्या जागी नुसता उभा राहायचो. गंमत म्हणजे त्यानेही काम व्हायचं, कारण दुकानदार कंटाळून स्वतःच बोलायला लागायचे, आणि कोणी जुन्या भिंतीचा टवका आणून 'असा रंग आहे का' म्हणालं, तर मी तिथल्या तिथे चार डब्यांतून थेंब थेंब घेऊन हुबेहूब तोच करून द्यायचो. रंग मला बोलल्याशिवाय कळायचे. पण 'ही बस अमुक गावाला जाते का' हे विचारणं मला जमायचं नाही. समोर येईल त्या बसमध्ये बसायचो आणि शेवटच्या थांब्याला उतरायचो. असा मी अकरा वर्षांत कुठे कुठे पोचलो, त्यातली निम्मी गावं कंपनीच्या नकाशात नव्हती. साहेबांनी वार्षिक सभेत माझा सत्कार केला, 'नवी बाजारपेठ शोधणारा धाडसी तरुण' म्हणून. त्या सभेत मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी 'आभार' हा एकच शब्द बोललो आणि दुसऱ्याच्या शोधात खाली बसलो.

खरं सांगायचं तर त्या वर्षांत हसण्यासारखं फार नव्हतं. लॉजच्या खोल्या, बेसिनशी वाळत घातलेला शर्ट, दिवसचे दिवस कोणाशी शब्द नाही. तिशी आली होती. तुला पत्रं लिहायचो ती 'मजेत आहे' अशी, आणि ती टाकल्यावर पेटीसमोर थोडा वेळ उभा राहायचो. आपण असेच शेवटच्या थांब्यापर्यंत जाणार आणि तिथेही कोणी विचारणार नाही, असं वाटायचं.

मग एकदा दुपारच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका वयस्क बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. त्या दिवशी मला माझा थांबा नेमका माहीत होता. तो आला आणि गेला. त्यांना उठवायचं कसं, आणि काय म्हणून हाक मारायची, हे ठरवेपर्यंत पुढचे नऊ थांबेही गेले. शेवटी बस रिकामी झाली तेव्हा त्यांना जाग आली.

"तुमचा थांबा मागेच गेला ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मग उठवलं का नाहीत?"

मी रंगांचं कार्ड उघडून बसलो. त्यांनी माझ्या मांडीवरचं कार्ड पाहिलं, आणि कीव आली असेल म्हणून असेल, म्हणाल्या, "बरं, यातला माझ्या डोळ्यांचा रंग कोणता ते सांगा."

प्रश्न रंगाचा होता म्हणून मी वर पाहिलं. आत्या, एखाद्या माणसाच्या डोळ्यांत मी इतका वेळ त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, तपकिरी, पण कडेला राखाडी, आणि बाहुलीजवळ मधासारखा पिवळा. दोन्ही सारखेच आहेत. पण खिडकीतून ऊन आलं तेव्हा डाव्या डोळ्याची बाहुली बारीक झाली. उजव्याची झाली नाही.

बाईंनी कार्ड मिटलं. मला वाटलं, आता ओरडणार. मग त्या म्हणाल्या, "बावीस वर्षांत हे कोणाला कळलं नाही. माझ्या सख्ख्या भावालासुद्धा नाही. उजवा मी स्वतः केलाय. तुम्ही सोमवारी माझ्याकडे या."

तर हे माझं काम. आजाराने नाहीतर अपघाताने ज्याचा डोळा गेला, त्याला आम्ही तिथे बसवायला डोळा करून देतो. लोक काचेचा म्हणतात, पण तो काचेचा नसतो. दाताचा डॉक्टर घेतो तसा खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून पांढरा भाग घडवायचा, आणि मग माणसाला खिडकीपाशी बसवून त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवायचं. पांढऱ्यावरच्या बारीक शिरा रंगाने येत नाहीत. त्यासाठी तांबड्या रेशमी दोऱ्याचे तंतू सुटे करून एकेक चिकटवावे लागतात. (दोरा ओळखायला तुझ्या घरात शिकलो, हे बाईंना सांगितलंय.) पहिली दोन वर्षं मी फक्त घासायचं आणि चकाकी द्यायचं काम केलं. तिसऱ्या वर्षी बाईंनी खिडकीपाशी बसवलं.

माझं पहिलं गिऱ्हाईक गोदीत क्रेन चालवणारे एक गृहस्थ होते. साखळी तुटून डोळा गेला होता. मी रंगवायला बसलो आणि ते आपलं सांगू लागले, की क्रेनवर आता चढू देत नाहीत, खाली टेबलापाशी बसवलंय, आणि घरी बायको समोर येते ती उगाच हसत हसत येते. सांगता सांगता ते रडायला लागले. मला काय बोलावं सुचेना. म्हणून मी रंगवत राहिलो. समोर जसं दिसत होतं अगदी तसंच रंगवलं, तांबडे तंतू चांगले दुप्पट लावले, आणि डोळा हुबेहूब जमला म्हणून मनातल्या मनात खूश झालो. आठ दिवसांनी ते आले. चेहरा खुलला होता, दाढी केलेली होती, एक डोळा प्रसन्न होता. दुसरा आठवडाभर अखंड रडत होता. "लोक विचारतात, अर्धंच दुःख झालंय का," असं ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. मी नाही हसू शकलो.

बाईंनी डोळा पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "समोरचा माणूस रडायला लागला की ब्रश खाली ठेवायचा," त्या म्हणाल्या. "आणि बोलायचं."

"काय बोलू?"

"काहीही. तू गप्प बसलास की त्यांना वाटतं, तू भोक बघतोयस."

ते मला फार लागलं. मी आयुष्यभर गप्प बसलो तो मला भीती वाटत होती म्हणून, पण समोरच्याला त्याचा अर्थ काय लागत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्रेनवाल्यांना पुन्हा बसवलं आणि बोलायला लागलो. विषय सापडेना, म्हणून तुझा काढला. नळाचा साहेब, झालरीचा झगा, गाजराचा रस, सगळं. ते इतके हसले की मला पुन्हा ब्रश खाली ठेवावा लागला. तेव्हापासून आजतागायत माझ्या खुर्चीत बसलेलं प्रत्येक माणूस तुला ओळखतं. मी दिवसाला पाच-सहा तास बोलतो, आत्या. संध्याकाळी घसा बसतो.

गेल्या वर्षी बाईंचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी ब्रश माझ्याकडे दिले. शेवटचं एक काम राहिलं होतं. त्यांचा डावा डोळा वयाने फिकट झाला होता, कडेला पांढरट वर्तुळ आलं होतं, आणि उजवा मात्र होता तसाच तरुण. त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मला माझ्या वयाचा कर." मी तीन दिवस ते केलं. त्या तीन दिवसांत त्या एकदाही रडल्या नाहीत. मला मात्र दोनदा ब्रश खाली ठेवावा लागला. नवा डोळा बसवल्यावर त्यांनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "आता दोन्ही एका घरातले वाटतात."

तर असं आहे. मी सुखात आहे, आणि या वेळी पत्र टाकल्यावर पेटीसमोर उभा राहणार नाही. थोरांना नमस्कार, मुलींना पापे, आणि तुला पुन्हा एकदा सुरुवातीसारखाच वाकून,

तुझा,
घुम्या

ता. क. : पत्राला खास कारण नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. ताईने मला सगळं कळवलंय. चार महिन्यांपूर्वी आजार पसरू नये म्हणून तुझा उजवा डोळा काढला, आणि 'घुम्याला कळवू नका, घाबरेल' असं तू सगळ्यांना बजावलंस, हेही. क्लास बंद आहे. तू दाराकडे पाठ करून बसतेस, आणि कोणी आलं की नातीला 'आजी झोपलीय' म्हणायला लावतेस. ताईवर रागावू नकोस. मी घाबरलो, पण तुला वाटलं होतं त्यापेक्षा कमी.

दुसरा ता. क. : तुला ये म्हटलं तर तू येणार नाहीस, म्हणून मीच गुरुवारी रंगांची पेटी घेऊन येतोय. दहा दिवस राहीन. खिडकीजवळची मशीन जरा सरकवून ठेव, मला तिथला उजेड लागेल. सुई ओवायला जमत नाही असं ताई म्हणाली. बाईंचा निरोप आहे की दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून धर, अंतराचा अंदाज डोळ्याऐवजी हात देतात. एका डोळ्याने केसाहून बारीक रेघा त्यांनी जन्मभर अशाच काढल्या.

तिसरा आणि शेवटचा : रंग इथूनच तयार करून आणावेत म्हणून काल बसलो, आणि लक्षात आलं की तुझ्या डोळ्यांचा रंग मला माहीत नाही. तुझ्या बोटांवरचे सुईचे डाग सांगू शकतो, चपलेचा तुटलेला बंद कोणत्या पायाचा तेही सांगू शकतो. बारा वर्षांत मी तेवढंच पाहिलं. ताईला विचारलं तर म्हणाली, "असतात तसेच आहेत." यावर रंग होत नाही. तेव्हा तुला माझ्यासमोर बसावं लागेल, आणि दाराकडे पाठ करून चालणार नाही. मी बोलत राहीन. तू फक्त माझ्याकडे बघ.