मैंदर्गीच्या अल्बममधील शाईचा खुलासा

मी, हेमावती सिद्धराम कलशेट्टी, वय ६९, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार जुळे सोलापूर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे दुखतात, पण डोके जागेवर आहे; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील उदयसिंह यांनी मसुदा सुटसुटीत ठेवा असे सुचवले होते. तो तसा राहिलेला नाही.

१. जुळे सोलापुरातील माझे राहते घर मी व माझे पती कै. सिद्धराम यांनी दोघांच्या पगारातून बांधले. ते माझ्या पश्चात माझा एकुलता मुलगा मंजुनाथ याच्या मालकीचे होईल. बँकेत जे काही असेल तेही त्याचेच. तो पुण्यात असतो आणि घर विकेल हे मला ठाऊक आहे. त्याला माझी ना नाही. मात्र पुढच्या खोलीत दर रविवारी चालणारा स्क्रॅपबुकचा वर्ग माझ्यानंतर एक वर्ष तरी तिथेच चालू द्यावा.

२. वर्गाचे सर्व साहित्य माझी विद्यार्थिनी ऋतुजा हिला द्यावे. ती माढ्याची, लग्न होऊन सोलापुरात आली आणि आठ वर्षांपूर्वी "बाई, मला फक्त बाळाचा अल्बम करायचाय" म्हणून माझ्याकडे आली. आज माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे. साहित्य म्हणजे शाईचे एक्केचाळीस पॅड, शाई पसरवायचे गोल ब्रश, बोटात घालायच्या स्पंजच्या टोप्या, रबरी ठसे आणि कागदाची दोन कपाटे. ऋतुजा, पॅड पालथे ठेवत जा, म्हणजे शाई वर राहते. प्रत्येक रंगाचा स्पंज वेगळा. ब्रश कागदाबाहेरून फिरवत आत आण, थेट कागदावर टेकवलास तर तिथे डाग बसतो आणि तो निघत नाही. आणि कोणतीही नवी शाई आधी चिठोऱ्यावर लावून, वाळवून, वर पाण्याचा थेंब टाकून बघायची. हे तुला मी शिकवले असे तू सगळ्यांना सांगतेस. खरे तर ते तुझ्यामुळे मला कळले. कसे, ते कलम ५ मध्ये येईल.

३. नागमोडी कडा कापणारी माझी कात्री सोसायटीच्या हळदीकुंकवाला ज्यांनी नेली, त्यांना ती आता माफ आहे. परत आणून देऊ नये. ऋतुजाकडे दुसरी आहे.

४. माझे अंत्यविधी आमच्या रीतीप्रमाणे व्हावेत. जेवणावळ नको.

५. आता जे लिहायचे ते माझी थोरली बहीण गंगम्मा, राहणार मैंदर्गी, हिच्याबद्दल आहे.

मी जन्मले तेव्हा अक्का आठ वर्षांची होती आणि चौथीत शिकत होती. अव्वा-अप्पा, म्हणजे आमचे आई-वडील, दोघेही शेतात जायचे. मला सांभाळायला घरी कोणीतरी हवे म्हणून अक्काची शाळा सुटली, ती सुटलीच. पुढे मी शिकले, सोलापुरात आले, नोकरीला लागले.

२०१२ साली अव्वाला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. त्यासाठी मी तीन महिने खपून एक अल्बम केला. अव्वा-अप्पांच्या लग्नाचा एकच फोटो होता, तो मधल्या पानावर लावला. भोवती जांभळी छटा हवी होती. यजमान टपाल कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांच्या टेबलावरचे स्टॅम्प पॅड त्यांना आठवण म्हणून दिले होते. त्याचा जांभळा रंग मला फार आवडायचा. मी तीच शाई स्पंजने पानभर लावली.

मैंदर्गीला सगळे नातेवाईक जमले होते. अक्का सकाळपासून चुलीपाशी होती. हात धुऊन ती घाईघाईने अल्बम बघायला आली, आणि तिच्या ओल्या हातांचे पाणी त्या पानावर ठिबकले. शाई पसरत फोटोवर गेली आणि अव्वाचा चेहरा जांभळा झाला. तेव्हा मी चाळीस माणसांसमोर माझ्या बहिणीला म्हणाले, "चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला कागदाची किंमत काय कळणार?"

अक्का न जेवता घरी गेली. खराब झालेला अल्बम मी परत घेऊन निघाले. परतीच्या वाटेवर यजमानांनी गाडी थांबवली आणि मागे फिरू या म्हणाले. मी नको म्हटले. त्याच दिवाळीत अव्वा गेली. आम्ही दोघी बहिणी तिच्या दोन बाजूंना उभ्या होतो आणि एकमेकींशी बोललो नाही. यजमान गेले तेव्हा अक्का आली, मंजुनाथला जवळ घेऊन बसली आणि मला न भेटता गेली.

दरम्यान ऋतुजा वर्गाला येऊ लागली होती. एकदा तिने विचारले की कोणती शाई पाण्याने पसरते हे ओळखायचे कसे. मी म्हटले, लावून बघू. आम्ही घरातल्या सगळ्या शायांचे ठसे एका कागदावर उमटवले, रात्रभर वाळवले आणि सकाळी प्रत्येकावर थेंब सोडला. अल्बमसाठीच्या चांगल्या पिगमेंट शाया जागच्या हलल्या नाहीत. यजमानांचे पॅड मात्र थेंब पडताच वाहू लागले. ऋतुजा म्हणाली, "बाई, ही तर नुसत्या दमट हवेनंही पसरली असती." तिला मैंदर्गीचे काही ठाऊक नव्हते.

चूक अक्काच्या हाताची नव्हती. तीस वर्षे चित्रकला शिकवलेल्या बाईने फोटोभोवती कचेरीची शाई लावली होती. हे मला आठ वर्षांपूर्वी कळले आणि मी ते कोणालाही सांगितले नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाला असे वाटले, मग सवय झाली.

या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी एवढेच लिहिले होते की शाईची चूक माझी, आणि माझ्या सोन्याच्या पाटल्या व तो अल्बम गंगम्माला द्यावा. उदयसिंह यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, कलमात काही खोट नाही. पण हे उघडेल तेव्हा तुम्ही नसाल. त्यांचंही वय सत्याहत्तर आहे. कदाचित त्याही नसतील."

त्यानंतरच्या रविवारी मी वर्ग ऋतुजावर सोपवला, अल्बम पिशवीत घातला आणि एसटीने मैंदर्गीला गेले. अक्का ओट्यावर शेंगा फोडत होती. तिने बस म्हटले नाही, जा म्हटले नाही. मी बसले आणि शाईचे सगळे सांगितले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "शाईचं मी कवाच इसरले, हेमा. चौथीचं बोललीस, ते न्हाय इसरले."

मला वाटले होते, शाईचे सांगितले की सुटले. मी म्हणाले, "शाई चुकून लागली, अक्का. ते मी चुकून बोलले नव्हते. तुला लागावं म्हणूनच बोलले."

ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग तिने सूप माझ्याकडे सरकवले, आणि मीही फोडू लागले. दुपारी जेवणे झाल्यावर तिने अल्बम मागितला. पण हात मांडीवरच ठेवून म्हणाली, तूच पाने उलट. मी उलटली नाहीत. तिच्याच हाताने उलटायला लावली. ते पान आले तेव्हा ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "अव्वा लई जांभळी झालीया की." आम्ही दोघी हसलो, आणि मग मला रडू आले. अल्बम त्याच दिवशी तिच्याकडे ठेवला. म्हणून तो या मृत्युपत्रात वाटणीला नाही.

पाटल्यांचे मात्र तिने ऐकले नाही. "माज्या नावावर काय बी घालू नको," ती म्हणाली. "समद्यांसमोर बोललीस, आता समद्यांनी वाचावं असं लिही. त्याच्या खाली सई मी करते." वकिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसलेलेच बरे. तेव्हा पाटल्या सून अंकिता हिला द्याव्यात.

वर जे माझे चौथीचे वाक्य लिहिले आहे ते मी जसे बोलले तसेच आहे. मंजुनाथने हे मृत्युपत्र नातेवाइकांसमोर वाचताना ते गाळू नये.

हे मृत्युपत्र मी आज दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मोठ्याने वाचले. कलम ५ अक्काने दुसऱ्यांदा वाचायला लावले, आणि मग दोघांनी माझ्या समक्ष सह्या केल्या.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार :
सही — हेमावती सिद्धराम कलशेट्टी

साक्षीदार :
१. सही — तात्याबा रामचंद्र गुंड, शेजारी, जुळे सोलापूर
२. सही — गंगम्मा मल्लप्पा बिराजदार, मैंदर्गी. नाते : हेमाची अक्का. समदं ऐकलं. बराबर हाय.