तुमचे यजमान सरकारदरबारी माझे झाले, त्याबद्दल

नेब्रास्का, मंगळवार

आदरणीय, प्रेमळ आणि सध्या तरी सुदैवाने फार दूर असलेल्या माझ्या कोमाद्रे प्रुदेन्सिया यांस,

रेमेदियोसचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? सासूबाईंचे डोळे काय म्हणतात? (जीभ कशी आहे ते विचारत नाही. ती ठणठणीत असल्याचं सीमेच्या अलीकडेही ऐकू येतं.) टर्की पक्षिणी पुन्हा अंडी घालायला लागल्या का? आमचं इथे बरं चाललंय असं लिहायची रीत आहे, म्हणून आमचं इथे बरं चाललंय. तुमचे यजमान, म्हणजे आमचे कोम्पाद्रे सिप्रियानो (माझ्या लेकीच्या, यारेलीच्या, धर्माच्या आई म्हणून तुम्ही कोमाद्रे, धर्माचे बाप म्हणून ते कोम्पाद्रे), तब्येतीने ठीक आहेत. कत्तलखान्यातल्या गारठ्याने सकाळी त्यांची बोटं वळत नाहीत, पण ताटात बीन्स आणि मक्याच्या गरम तोर्तिया पडल्या की आपोआप वळतात. हे पत्र मी चेमाकाकांच्या हाती देतेय, ते गावच्या जत्रेला ट्रक घेऊन निघालेत. फोनवर हे बोलता येण्यासारखं नव्हतं. या घराच्या भिंती कागदाच्या म्हटल्या तरी चालतील, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं ते भिंतीपलीकडे बसून फुटबॉल बघत असतात.

आधी आनंदाची बातमी. कोमाद्रे, आम्ही श्रीमंत झालो! मला स्वतःलासुद्धा ही बातमी पोस्टाने कळली. सरकारने छापील कागदावर कळवलं की तुमच्या कुटुंबाचं उत्पन्न आता इतकं चांगलं आहे की यारेलीला गरिबांच्या मुलांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याची गरज उरलेली नाही, सबब तो बंद करण्यात येत आहे. मी घराभोवती नजर फिरवली. खिडकीला तोच पुठ्ठा, न्हाणीघरात तीच बादली, माझ्या अंगात तोच मोटेलच्या खोल्या साफ करायचा निळा झगा. श्रीमंती कुठून शिरली म्हणून मी पलंगाखालीदेखील पाहिलं. (तिथे यारेलीचा हरवलेला मोजा सापडला, तेवढाच फायदा.) कोम्पाद्रेंना वाचून दाखवलं तर ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सरकारच्या लक्षात आलं म्हणायचं!" त्यांना अजून कळलेलं नव्हतं की ती श्रीमंती म्हणजे तेच.

आता हे कसं झालं ते सांगते. रागवायचं असेल तर शेवटी एकदमच रागवा. विमा दरवर्षी नव्याने मागावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा त्यासाठी ब्रेंडा नावाची एक तरुण पोरगी घरोघरी मदतीला फिरत होती. आईबाप आपल्याकडचे, जन्म मात्र इथला, त्यामुळे मन चांगलं पण चमचाभर आमटीने पोट भरणारी. ती आली ती जेवायच्या वेळेला. दारात आलेल्या माणसाला न जेवता कसं बसवून ठेवायचं? मी पान वाढलं. समोर कोम्पाद्रे बसलेले, बाजूला यारेली. ब्रेंडाबाई एका हाताने तोर्तिया खातात आणि दुसऱ्या हाताने मांडीवरच्या संगणकात लिहितात. लिहिता लिहिता विचारतात, "घरात कोण कोण राहतं?" मी म्हटलं, मी आणि माझी लेक. मग तिने मान वर करून कोम्पाद्रेंकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि हे कोण?"

कोमाद्रे, तुम्हीच सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? मागच्या खोलीचं भाडं देतात म्हणून भाडेकरू म्हणायचं? त्यांच्या तोंडावर? मी त्यांच्या पानात दुसऱ्यांदा वाढत असताना? ज्यांनी बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या लेकीला हातांवर धरलं, तिचा पांढरा झगा आणि मेणबत्ती आणली, ज्यांच्या खांद्यावर तुमच्या वतीने तुमची शाल होती (तुम्ही गावी अडकलेल्या, म्हणून पाद्रीबुवांनी तुमच्या वाटणीचे प्रश्न शालीलाच विचारले होते), आणि माझे यजमान गेले तेव्हा ज्यांनी शवपेटीचा जड बाजूचा कोपरा उचलला, त्यांना मी पाहुणीसमोर भाडेकरू म्हणू? माझ्या आईने मला तसं वाढवलेलं नाही. मी म्हटलं, "हे यारेलीचे वडीलच आहेत." ब्रेंडा म्हणाली, "वडील आहेत?" मी म्हटलं, "वडिलांपेक्षा जास्त." यात खोटं काय होतं? धर्माचा बाप तो बापच. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल, पण ब्रेंडाच्या संगणकात वडिलांपेक्षा जास्त असा रकाना नव्हता. तिने नुसतं वडील लिहिलं.

इथे तरी तुमच्या यजमानांनी तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी उघडलंही. आधी त्यांचे डोळे भरून आले, मग म्हणाले, "बापच मी तिचा." मग ब्रेंडाने विचारलं की कमाई किती. कोमाद्रे, तरुण पोरगी, समोर भरलेलं पान, नुकतंच वडीलपण मिळालेलं, अशा वेळी कुठला पुरुष खरी कमाई सांगेल? त्यांनी नाताळच्या आधीचा तो आठवडा सांगितला, ज्यात निम्मा कारखाना तापाने झोपला होता आणि हे दोन-दोन पाळ्या करत होते. वर्षाचे सगळे आठवडे तसेच असतात असं त्यांनी सुचवलं. ट्रक स्वतःचा आहे, हेही सांगितलं. (त्याला उलटं जाता येत नाही, हे नाही सांगितलं.) मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय मारला, तो यारेलीला लागला.

तर असे आम्ही श्रीमंत झालो आणि लगेच औषधाच्या दुकानात आमची श्रीमंती कामी आली. यारेलीच्या दम्याच्या फवाऱ्याची पिशवी दुकानातल्या मुलीने काउंटरवर ठेवली, पडद्यावर काहीतरी वाचलं आणि पिशवी अलगद मागे ओढून घेतली. विम्याविना तिची किंमत तिने सांगितली तेव्हा मला वाटलं ती दुकानाचीच किंमत सांगतेय. तेव्हापासून घरात जो उरलाय तो फवारा आम्ही पुरवून पुरवून वापरतो. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा तो आता फक्त सकाळी. यारेलीला तुम्ही फोनवरून तरी ओळखता, ती तक्रार करत नाही. पळायच्या तासाला बाकावर बसते आणि बाईंना सांगते की मला पळायला आवडत नाही. कोमाद्रे, तिला पळायला फार आवडतं. थंडी पडायला लागली आहे आणि मागच्या थंडीत तिचे ओठ निळे पडले होते. हे विनोदाने लिहिता येत नाही, म्हणून पुढे जाते.

मी कार्यालयात गेले. (कोम्पाद्रेंसारखे माझ्याकडेही इथे राहायचे कागद नाहीत, पण लेक इथे जन्मलेली, आणि आईला घाबरायला सवड नसते.) काचेपलीकडची बाई वाईट नव्हती, नुसती दमलेली होती. मी म्हटलं, चूक झाली, ते गृहस्थ मुलीचे वडील नाहीत. ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना?" मी म्हटलं, हो, पण मी पान वाढत होते. तिने विचारलं, "म्हणजे खोटं सांगितलंत?" आता पाहा कसं अंगाशी आलं ते. खोटं म्हणावं तर सरकारला फसवल्याचा गुन्हा, खरं म्हणावं तर ते बाप. मग मी शहाणपणा केला. पिशवीतून यारेलीचा जन्माचा दाखला काढला आणि माझ्या स्वर्गवासी यजमानांचं नाव दाखवलं. बाईचा चेहरा उजळला. जीव भांड्यात पडला माझा. ती म्हणाली, "असं होय! म्हणजे हे तुमचे दुसरे पती." आणि मी दोन्ही हातांनी नको नको करेपर्यंत तिने तसं लिहूनसुद्धा टाकलं. सावत्र बापाची कमाईदेखील धरतात म्हणे. तेव्हा, कोमाद्रे, मी तिथे गेले होते एक बाप कमी करायला आणि परत आले एक नवरा वाढवून.

यातून सुटका एकच आहे, असं त्या बाईने शेवटी सांगितलं. कोम्पाद्रेंनी स्वतः यायचं, ओळख पटवायची आणि तिच्यासमोर सही करून लिहून द्यायचं की मी या मुलीचा कोणी लागत नाही. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा ते बूट काढत होते. एक बूट पायात, एक हातात, तसेच उभे राहिले. "कोणी लागत नाही?" म्हणाले. "देवासमोर होय म्हटलंय मी. माझ्या हातांवर पाणी पडलंय तिच्या कपाळावरचं. आता एका खिडकीवर जाऊन नाही म्हणू? तोंड काळं होईल माझं, कोमाद्रे." मी समजावलं, ओरडले, रडले, जेवण खारट केलं. शेवटी हात टेकले. मनात म्हटलं, किती हा ताठा! पोरीचा श्वास एकीकडे आणि यांची शपथ दुसरीकडे. आठवडाभर मी त्यांच्याशी फक्त मीठ, पाणी आणि दार लावा एवढंच बोलले.

मग गेल्या मंगळवारी ते आपणहून म्हणाले, चला. रविवारचा सदरा घातला, हॅट झटकली, ट्रक बाहेर काढला. आम्ही कार्यालयासमोर जाऊन थांबलो. दारातून लोक आत जात होते, बाहेर येत होते. पहारेकरी प्रत्येकाला दार उघडून देत होता. कोम्पाद्रे चाकावर हात ठेवून बसून राहिले. हल्ली इथे सगळे बोलतात की एका खिडकीवर दिलेलं नाव दुसऱ्या खिडकीपर्यंत जातं, आणि त्या दुसऱ्या खिडकीवरून माणसांना गाडीत घालून परत पाठवतात. खरंखोटं देव जाणे. त्यांच्याच पाळीतला एकजण कुठल्याशा कार्यालयात गेला, त्याचा डबा अजून कारखान्याच्या कपाटात आहे. बऱ्याच वेळाने कोम्पाद्रे म्हणाले, "बंद दिसतंय." समोरून एक बाई पोराला कडेवर घेऊन बाहेर आली. मी म्हटलं, "हो कोम्पाद्रे, बंदच आहे. सुट्टी असेल." आणि आम्ही घरी आलो. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी सणासुदीचं, मिरची-मसाल्याचं मोले केलं आणि त्यांनी ते संपवलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघंही शपथेबद्दल बोलतो. दोघांनाही ठाऊक आहे की अडलंय ते शपथेमुळे नाही.

असो. पत्र लांबलं. सासूबाईंना नमस्कार, मुलांना पापे, टर्कींना दाणे. तुम्ही पाठवलेली सुकी मिरची अजून पुरतेय. आमची मुळीच काळजी करू नका.

तुमची लाडकी,
रेमेदियोस

ता. क. गावात जर कोणी म्हणालं की सिप्रियानोंनी तिकडे दुसरं लग्न केलं, तर ते सरकारने केलंय, आम्ही नाही. त्यांची खोली मागच्या बाजूला आहे, तिला आतून कडी आहे, आणि त्यांचं घोरणं ऐकल्यावर कुठल्याही विधवेचा पुन्हा लग्नाचा विचार कायमचा जातो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक. रविवारी ते तुम्हाला फोन करतील. तेव्हा तुम्ही त्यांना म्हणा की सही करा. माझ्या म्हणण्याने ते त्या दारातून आत जाणार नाहीत, तुमच्या म्हणण्याने जातील. मी काय मागतेय ते मला कळतं, कोमाद्रे. तुमची चूल त्यांच्या पगारावर पेटते. ते आत गेले आणि दुसऱ्या वाटेने बाहेर काढले गेले, तर ते तुमच्यापाशी रिकाम्या हाताने येतील आणि त्याला कारण मी असेन. कदाचित काहीच होणार नाही. ती बाई सही घेईल आणि पुढच्याला हाक मारेल. मला माहीत नाही. पण यारेली तुमचीही लेक आहे, शालीने का होईना, तुम्हीही होय म्हटलं होतंत.

आणखी एक. तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या मनात तिळभर राग राहणार नाही. अजिबात संकोच करू नका. मी दुसरा मार्ग शोधीन.

शेवटचं. वरचं ते दुसऱ्या मार्गाचं मी नुसतं शिष्टाचार म्हणून लिहिलं. दुसरा मार्ग नाही.