मी कर्नेलमधून लावलेले दिवे

४ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठं काम हाती घेतलं की माणसाने निदान स्वतःशी तरी प्रामाणिक असावं.

आमच्या व्हिडिओ स्टुडिओत सर्व्हरचं कपाट आहे. त्यात डिस्कचे बारा कप्पे, प्रत्येकावर एक बारीक दिवा. कुठली डिस्क बिघडली हे कम्प्युटरला कळतं, पण दिवे आपले कायम हिरवे. मागच्या महिन्यात बिघडलेली डिस्क आत राहिली आणि धडधाकट बाहेर काढली गेली. मी नाही काढली. मी फक्त बोट दाखवलं होतं.

तेव्हा ठरवलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये शिरायचं आणि दिवे ताब्यात घ्यायचे. जी डिस्क बिघडेल तिचाच दिवा लाल. मालकांना सांगितलं, आठवड्यात होईल. ते म्हणाले, नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या तर? मी हसलो. मालकांसमोर हसू नये, पण आलं हसू.

५ जून
हिला सगळं समजावून सांगितलं. ही म्हणाली, ऑफिसात कर्नल कधी आले? कर्नल नाही, कर्नेल. गाभा. मग गाभा म्हणा की, म्हणाली. आणि गॅलरीतला बल्ब कधी बदलताय?
बल्ब उद्या.

९ जून
प्रोग्रॅम तयार. हुकूम सोडला: तीन नंबर, लाल. स्क्रीनवर उत्तर आलं, ओके. कपाटात तीन नंबर हिरवाच.
दिवा खराब असणार.

१० जून
बाराही दिव्यांना लाल व्हायला सांगितलं. बारा वेळा ओके. कपाट हिरवंगार. बाराही दिवे खराब निघाले. असला माल विकत घेतात.

दुपारी दुसऱ्या शहरातल्या आमच्या शाखेतून मॅनेजरबाईंचा फोन. त्यांच्या सर्व्हरचे दिवे आपोआप लाल होतायत. वायरिंग तपासा म्हटलं. तपासलं, म्हणाल्या, इलेक्ट्रिशियन म्हणतो उत्तम आहे. असल्यांवर विसंबू नका म्हटलं. या फोनपायी एकाग्रता गेली. उद्यापासून बाईंचे फोन घ्यायचे नाहीत.

१२ जून
आज दिवे लुकलुकवून पाहिले. म्हणजे पाहिले नाहीत. लुकलुकायला सांगितले.

बाईंनी मालकांच्या फोनवर गाठलं. तिकडचे दिवे आता लुकलुकतायत म्हणे. लाल दिवा म्हणजे डिस्क खराब, असं पुस्तिकेत लिहिलंय म्हणून त्यांनी एक डिस्क काढून नवी बसवली. योग्य केलंत म्हटलं. आणखी लाल दिसल्या तर त्याही काढा, विचारत बसू नका.
बिचाऱ्या. माझं काम जमलं की त्यांच्याकडेही बसवून देईन.

१३ जून
हिचा फोन. धाकट्या मेव्हणीच्या लग्नाची फिल्म त्या शाखेत एडिटिंगला होती. बाईंनी एकामागून एक डिस्क काढल्या, सर्व्हर बसला, फिल्म गेली. कॅमेऱ्यातलं मूळ शूटिंग तर त्यांनी आधीच पुसून टाकलेलं. मेव्हणी जेवत नाहीये.

वाईट वाटलं. तिकडे शिस्तच नाही. सासूबाईंना फोनवर धीर दिला. ज्याने हे केलं त्याला मी स्वतः शोधून तुमच्यापुढे उभा करतो, असा शब्द दिला. सासूबाई पहिल्यांदाच मला 'देवासारखे आहात' म्हणाल्या.

१६ जून
मालकांना काम दाखवायचा दिवस. सगळा स्टाफ कपाटासमोर. मालकांच्या कानाला फोन, पलीकडे मॅनेजरबाई, फिल्मचीच चर्चा. मी हुकूम सोडला: सगळे लाल. ओके. कपाट हिरवं.

मालक फोनवर म्हणाले, "काय? आत्ता?" मग माझ्याकडे वळून, "जरा हिरवे करा."
केले.
"बाई म्हणतायत, झाले हिरवे. आता एक सोडून एक लाल करा."
केले.
"झाले."

मालकांनी चष्मा लावून माझ्या स्क्रीनवरचं वरचं नाव वाचलं. शाखेच्या सर्व्हरचं होतं. मागे त्यांचं काहीतरी दुरुस्त करायला तिथे लॉगिन केलं होतं, ती खिडकी उघडीच राहिली होती. मी म्हटलं, "म्हणजे प्रोग्रॅम चालतो."
मालक म्हणाले, "फार मोठे दिवे लावलेत."
बोलण्याचा सूर सोडला तर हे कौतुकच आहे.

१७ जून
हिने बोलणं बंद केलंय. शब्द दिल्याप्रमाणे माणूस सापडला. सासूबाईंना अजून कळवलं नाही. पुरावा पक्का झाल्याशिवाय घाई नको.

१८ जून
हिने कळवलं.

२२ जून, रविवार
लग्नाची फिल्म आज पुन्हा काढली. हॉल आमच्या मालकांनी दिला. पाहुणे परत नटून आले. साडूंनी लग्नानंतर मिशी काढली होती, ती डिंकाने चिकटवली. निरोपाच्या प्रसंगात सासूबाईंना रडायचं होतं, पण मी समोर दिसलो की त्यांना रडू यायच्याऐवजी राग यायचा. तीनदा शूटिंग थांबलं. शेवटी मी फिल्ममध्ये नसावं असं एकमताने ठरलं. हे ठरताना मेव्हणीही हसली. पुष्कळ दिवसांनी.

मला दिव्याचं काम दिलं. मोठा दिवा स्टँडसकट दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. फोटोग्राफरला विचारलं, याचं बटण कुठे आहे?
तो म्हणाला, बटण माझ्याकडे राहू दे.