पोटावरचे डाग

आई, माझ्या नातवाला डबा झालाय. अजून दातही न आलेलं पोर. छाती कफानं भरलीय आणि दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते. तू असतीस तर बघताक्षणी पोटावर डाग द्यायला विळा चुलीत घातला असतास. तुझ्या सुनेनं, माझ्या बायकोनंही आज दुपारी तेच केलं. मी आता ओट्यावर बसून हे लिहितोय आणि कान आत लावून आहे.

मला डाग दिलास ते आठवत नाही, नंतरचं आठवतं. कुणाचं लेकरू आजारलं की तू मला चुलीपाशी हाक मारायचीस, पिठाच्या हातानं सदरा वर करायचीस आणि जमलेल्या बायांना म्हणायचीस, "बघा गं, ह्यो डागानं वाचला." एकीनं विचारलं, "लई रडला असंल?" तू म्हणालीस, "रडला म्हनून तर कळलं जीव हाय." सगळ्या हसल्या, मीही हसलो. आपण गावाच्या उपयोगाचे आहोत असं वाटायचं. माझ्या आधीच्या दोघांनाही तू डाग दिले होतेस. ते गेले. त्यांचं कुणी काढलं की तू तुळजापूरच्या दिशेला हात जोडायचीस, "आईसायबानं नेलं." मी वाचलो ते डागानं आणि ते गेले ते देवीच्या मर्जीनं, यात मला पन्नाशी आली तरी काही खटकलं नव्हतं.

काल पोराला गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. निजाम गेल्यावर आलेला तरुण डॉक्टर आहे. त्यानं पेनिसिलीनची सुई दिली, रोज आणा म्हणाला. मी सदरा वर करून त्याला पोट दाखवलं. तो हसला नाही. "डागानं जगलात, की डाग सोसूनही जगलात, हे एकट्या तुमच्यावरून कसं कळणार?" मी विचारलं, "सुई दिलेली समदी वाचत्यात का, सायेब?" तो म्हणाला, "सगळी नाही. पण पूर्वीपेक्षा पुष्कळ. आम्ही गेलेली लेकरंही मोजतो, म्हणून सांगतो." येताना गाडीत मी तुझ्या त्या दोघांचा विचार करत होतो. त्यांना कुणी मोजलंच नव्हतं.

आज सकाळी दुसरी सुई झाली, तरी धाप तशीच. दुपारी विळ्याचं टोक लाल झालं. बायको म्हणाली, "अवो, तुमी जित्तं बसलाव न्हवं म्होरं? मग आनि काय बघायचंय?" माझी सून पोराला छातीशी धरून उभी. "मामा, तुमी म्हनाल तसं," एवढंच बोलली. मी तांब्यातलं पाणी विळ्यावर ओतलं. बायको ओरडली, "पोरगं गेलं तर?" माझ्या तोंडून निघालं, "सुईनं वाचतंच. डॉक्टरनं देवीची आण घेऊन सांगितलंय."

दोघींनी ते खरं मानलं. सून पोराला घेऊन खाली बसली, रडायची थांबली. त्याचा श्वास इथवर ऐकू येतो. मधेच लांबतो, आणि मी लिहायचं थांबून ऐकतो. पोर गेलं तर ते डाग न दिल्यानं गेलं, असंच घर म्हणेल. तसं नव्हतं हे मलाही कधी दाखवता येणार नाही.

डॉक्टरनं कसलीच आण घेतली नव्हती, आई. हा कागद कुठं जायचा नाही. तुला सांगितलं, कारण तू आत जाऊन त्यांना सांगणार नाहीस.