एकवीस डिसेंबर आणि पातळ पेज

१२ डिसेंबर २०१२
आज आमच्या जुन्या पंचांगात आठ बाट्स. दिवस मोजणाऱ्यांचा सण. अख्खं मोमोस्तेनांगो गाव टेकडीवर धूप जाळायला. सगळ्यांत पुढे माझा मेहुणा गास्पार, गावाचे दिवस मोजणारा, डोक्याला लाल फडकं. एका गोऱ्याने मला विचारलं, एकवीसला जग बुडणार ना? गास्पार मध्येच म्हणाला, एक मोजणी संपते, दुसरी लागते, बुडतं कसलं! मोठा शहाणा. मी घोंगड्या विणणारा माणूस. अफवांवर माझाही विश्वास नाही.

१५ डिसेंबर
पण इतकी माणसं विमानाची तिकिटं काढून येतात, ती काय खुळी? समजा बुडालंच, तर मनात काही ठेवून बुडायचं नाही. सगळ्यांना तोंडावर सुनवायचं. यादी केली. नावं अकरा. अगदी शांत डोक्याने केली.

१७ डिसेंबर. तेरा अहमाक
माफी मागायचा दिवस. आज मागितलेली पितर पदरात घेतात. गास्पारच्या दारात मेणबत्त्या घेऊन ही रांग. बायको, शेपा, म्हणाली, चला दादाकडे, वर्षभर गावाशी भांडलात. मी मागू माफी? गेलो, आणि रांगेदेखत गास्पारला सांगितलं, कौल काढायच्या तुझ्या लाल बियाही खोट्या आणि मोजणीही खोटी. तो हसला. असला माणूस डोक्यात जातो.

१९ डिसेंबर
गिरणीवाली मारुका. म्हटलं, तुझ्या दळणात खडे असतात. म्हणाली, तुमच्या जिभेपेक्षा कमीच, उद्यापासून दळण आणू नका. नाही आणत. दोन दिवसांचा तर प्रश्न.

२० डिसेंबर
शेवटचं नाव शेपा. म्हटलं, सव्वीस वर्षं तुझी मक्याची पेज पातळ. शाल घेतली, भावाकडे गेली. यादी पूर्ण. फार हलकं वाटतंय.

२१ डिसेंबर
सकाळपासून नवा शर्ट घालून ओट्यावर. दुपारी चौकात गोरे ढोल बडवत होते. संध्याकाळी बसमध्ये बसून निघून गेले. बस.

२२ डिसेंबर. पाच इमोश, वेड्यांचा दिवस
नळावर मारुकासकट यादीतले नऊजण भेटले. एकानेही घागर सरकवली नाही. चूल थंड, मका तसाच. गास्पारकडे गेलो. त्याने बिया पसरल्या, चार-चार करून मोजल्या. म्हणाला, दाजी, माफीचा अहमाक सोमवारी गेला, आता वीस दिवसांच्या फेऱ्याने सहा जानेवारीला. म्हटलं, घरातलीच गोष्ट आहे, आजच उरकून टाक. म्हणाला, मी दिवस मोजतो, बनवत नाही. शेपा आतच होती. बाहेर आली नाही.

३० डिसेंबर
घर खायला उठतं. जग अजून आहेच.

६ जानेवारी २०१३. सात अहमाक
पहाटेच गेलो, तरी रांगेत चौदावा. मेणबत्त्या अकरा आणल्यात. शेपा रांगेतल्या सगळ्यांना पेज वाढत होती. मलाही दिली. चांगली घट्ट होती. मी म्हणालो, पातळ चालेल मला.
ती पुढच्याला वाढायला गेली.