गेटवरची उमेदवारी

शिवडी, १९ जानेवारी २०२५

प्रिय लतिका,

इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. फोनवर बाबा शेजारी असतात, त्यांच्यासमोर हे बोलवत नाही.

तब्येत ठीक आहे. भोईवाड्यातल्या खानावळीत मासे बरे मिळतात. आपल्या ध्रुवचा खोकला गेला का?

फौजेतून निवृत्त झालेल्या आम्हा काहीजणांना कंपनीने गोदामाचा कारभार शिकायला घेतलं, हे तुला माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, "फौजी, वॉचमन आला नाही. आजचा दिवस गेटवर उभे राहा, तुम्हाला शोभतं." मी "जी सर" म्हटलं. वॉचमन परत आलाच नाही, आणि मला आत बोलवायचं कुणाला सुचलं नाही. बाकीचे आत शिकतात, मी त्यांना गेट उघडतो. ट्रकवाले विचारतात, "काय फौजी, बॉर्डर सोडून शटरवर?" मी हसतो.

वीस वर्षं ज्याला शिस्त म्हटलं, तो नुसता भित्रेपणा तर नव्हता? शिकून झाल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर सही साहेबांचीच लागते, तेव्हा ऐकलेलं बरं, असंही मन सांगतं. बाबांना मात्र मी मॅनेजरचं काम शिकतोय असंच सांग.

तुझा,
उन्मेष

ता. क. उद्याचं काम आत्ताच ठरवलं: कुणाच्या हुकमाची वाट न बघता गेट सोडून आत शिकायला जायचं.